सिगारेट महागली, मग बिडी आली

सफारीच्या पुढच्या खिशाखाली मुगाच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं. कडा तपकिरी झालेल्या. मी सफारी इस्त्रीच्या टेबलावर पसरली आणि नवऱ्याला हाक मारली. त्यानं चष्मा कपाळावर ढकलला, भोकाकडं बघितलं, बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, "कापडच हलकं हाय."

मला त्या क्षणी हातातली इस्त्री कुठंतरी आदळावी असं वाटलं.

पाटोद्याला बसस्टँडपासून थोडं आत आमचं शिलाईचं दुकान आहे. पुढच्या भागात नवरा पुरुषांचे कपडे शिवायचा, मागं पडदा लावून मी ब्लाउज आणि फॉल-पिको करायचे. त्याच्या हातात कला होती, हे मी त्याची बायको असूनही सांगते. नुसतं माणसाकडं बघून तो कंबर सांगायचा आणि टेप लावला की तेवढीच निघायची. लांबलांबच्या गावांतून पुढारी पांढरे कपडे शिवायला त्याच्याकडं यायचे. पण ओठात सिगारेट असल्याशिवाय त्याची कात्री चालायची नाही. दोन्ही हात कापडावर, डोळा धुरानं बारीक केलेला, आणि राख लांबत लांबत जायची. ती पडायच्या आत तो तोंड बाजूला वळवायचा. दहा वेळा वळवायचा, अकराव्यांदा राहून जायचं.

ती सफारी एका पुढाऱ्याच्या घरच्या लग्नातली, खुद्द नवरदेवाच्या बापाची. नवऱ्यानं आधी रफू केलं. रफू इतकं बारीक केलं की मला वाटलं खपून जाईल. पुढाऱ्यानं सफारी अंगात घातली, आरशासमोर उभा राहिला आणि सरळ त्याच जागी बोट ठेवलं. "टेलर, हे काय बे?" एवढंच म्हणाला. मग नवरा बीडला जाऊन स्वतःच्या पैशानं तसलंच कापड घेऊन आला आणि दोन दिवस मान मोडून नवी सफारी शिवली. शिवताना ओढत होता. मी म्हटलं, "निदान हे कापड होईस्तोवर तरी ठेवा बाजूला." तर म्हणाला, "न्हाई ओढली तर हात थरथरतो. शिलाई वाकडी जाईल, चाललं का तुला?"



दरवर्षी अर्थसंकल्पाच्या दिवशी आमच्या दुकानातला छोटा टीव्ही लागायचा. शेतमालाचं काय, शिलाई मशीनवाल्यांना काय, हे ऐकायला नाही. सिगारेटचं काय झालं, तेवढ्यासाठी. वाढली की तो समोरच्या टपरीवाल्याला दुकानातूनच ओरडून सांगायचा, जसा काही क्रिकेटचा निकाल. आणि वर आम्हाला भाषण.

आमची मुलगी तेव्हा कॉमर्सला होती, बारावीत. एकदा ती दुकानात काज-बटणं करत बसली होती आणि टीव्हीवर भाव वाढल्याची बातमी आली.

"बघ," नवरा तिला म्हणाला, "सरकार कोण चालवतंय? आमी. हा समोरचा रस्ता माझ्या धुरावर झालाय."

"मग पप्पा, त्याच्यातले खड्डे पण तुमचेच," ती मान वर न करता म्हणाली.

"चेष्टा करू नको. टॅक्स भरतो मी. रोज भरतो. पगारवाले वर्षातून एकदा भरतेत आन् केवढी बोंब मारतेत."

"लोकांनी सोडावी म्हणून वाढवतेत पप्पा. तुमी सोडावी म्हणून."

"मी सोडली तर सरकारनं कशावर चालायचं?"

मुलगी हसली. मला हसू आलं नाही. टपरीवर जाताना तो खिशात हात घालायचा त्यात माझ्या ब्लाउजच्या शिलाईचेही पैसे असायचे, पण ते बोललं की "तूच का हिशेब ठेवणारी" असं यायचं. म्हणून मी हिशेब ठेवलाच नाही कधी. मला तो ठेवायची भीतीच वाटायची.

भाव वाढला की सिगारेट सुटेल, असं सरकारला वाटत असावं. मलाही वाटायचं. पण आमच्या घरी भाव वाढला की नवीनच काहीतरी निघायचं. आधी तो पाकीट घ्यायचा. महागलं तसा एकेक सुट्टी सिगारेट घ्यायला लागला आणि मला ऐटीत सांगितलं, "कमी केली." सुट्टी एकेक करून दिवसाला पाकिटापेक्षा जास्त होते, हे त्याला दिसत नव्हतं. मग लांब सिगारेटवरून आखूडवर आला. मग कुणीतरी बाहेरच्या देशातली म्हणून एक चमकदार पाकीट आणून दिलं, त्याच्यावर ते कॅन्सरचं चित्र नाही, किंमत नाही, काही नाही. "हे बघ, स्वस्त आन् वर चित्र बी न्हाई," असं त्यानं मला दाखवलं. जणू चित्र नसलं म्हणजे आजारही नसतो. ती पाकिटं यायची बंद झाली, आणि सिगारेट पुन्हा एकदा वाढली. त्या आठवड्यात मी त्याच्या शर्टाच्या खिशातून बिडीचं बंडल काढलं.

मी बंडल त्याच्यासमोर धरलं. तो म्हणाला, "पैसे वाचवायला सांगत होतीस ना? वाचवले."

तेव्हा मला त्याचा राग आलाच, पण सरकारचाही आला. पुढचं दार एवढं गच्च लावायचं आणि शेजारची खिडकी सताड उघडी ठेवायची, ही कुठली तऱ्हा? सिगारेट एवढी महाग केली तर तिच्या शेजारी त्याच टपरीवर बिडी इतकी स्वस्त कशाला? मुलीला विचारलं तर म्हणाली, "बिड्या वळणाऱ्या बायांचं पोट हाय म्हणतेत त्याच्यावर." असेल बाई. माझंही पोट आहे.

मी टपरीवाल्याकडं गेले. चांगला माणूस. मुलांचे गणवेश आमच्याकडंच शिवायचा. म्हटलं, "ह्यांना देऊ नका."

त्यानं पान लावायचं थांबवलं. "वैनी, मी न्हाई देत, शब्द हाय. पण पुढचा देतोय. त्याच्या पुढचा देतोय. माझं गिऱ्हाईक जाईल, टेलरची सवय न्हाई जायची."

मी पुढच्याकडंही गेले, त्याच्या पुढच्याकडंही. तिसऱ्यानं माझ्यासमोर हसून घेतलं. पाटोद्यातल्या सगळ्या टपऱ्या फिरायच्या तर मला शिलाई सोडून तेच काम करावं लागलं असतं. बरं, टपरीवाल्यांनी नाही दिली तर गिऱ्हाईकं द्यायची. माप द्यायला आलेला माणूस आधी खिशातून बिडी काढून टेलरला द्यायचा. आदर म्हणून. त्यांच्या आदराला मी कुठं कुठं अडवणार?

मग पोटरी दुखायला लागली. पायडल मारता मारता तो मधेच थांबायचा आणि उजवी पोटरी दाबत बसायचा. पाच मिनिटं बसलं की दुखणं जायचं, पुन्हा पायडल सुरू केलं की यायचं. बाजारात चालताना तसंच. मी म्हटलं दाखवा. तो म्हणाला, "इतकी वर्षं मशीन मारतोय, पोटरी न्हाई दुखणार तर काय नाक दुखंल?" पाय गार पडायचे. उन्हाळ्यात, पत्र्याच्या दुकानात, घामानं शर्ट भिजलेला आणि पाय गार.

शाळा उघडायच्या तोंडावर उजव्या करंगळीला जखम झाली. चप्पल लागली म्हणाला. आमच्याकडं तेव्हा गणवेशांची गर्दी होती, दोन शाळांचं काम घेतलं होतं. वर्षातला तोच आमचा मोठा हंगाम, दुसरा दिवाळीआधीचा. जखमेला मलम लावून तो पायडल मारत राहिला. जखम भरेना. बोट निळं झालं, मग काळं. वास यायला लागला तेव्हा माझ्या दिरानं त्याला अक्षरशः उचलून जीपमध्ये घातलं आणि आम्ही अंबाजोगाईला गेलो.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पायाला हात लावला, घोट्याजवळ नाडी शोधली, आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, बिडी का सिगारेट?"

"आदी सिगारेट, आता बिडी."

"किती?"

"थोडी."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "जागे असतेत तेवढा वेळ."

त्यांनी शांतपणे समजावलं. तंबाखूनं पायातल्या रक्ताच्या बारीक नळ्या बंद होतात, रक्त बोटांपर्यंत पोहोचत नाही, आणि बोट मरतं. औषध देऊ, पण सगळ्यात मोठं औषध एकच. बिडी पूर्ण बंद. कमी नाही, पूर्ण. "एक जरी ओढली ना काका, तरी ती थेट पायाला जाते असं समजा."

करंगळी काढली. तिसऱ्या दिवशी त्याला बरं वाटलं तर पलंगावर उठून बसला आणि मला म्हणाला, "बघ, ऑपरेशन झालं, औषध मिळालं, खिशाला काई लागलं न्हाई. इतक्या वर्षांचा टॅक्स वसूल झाला का न्हाई?"

मी हातातला डबा खाली ठेवला. "खिशाला लागलं न्हाई? दोन शाळांचं काम दुसऱ्या टेलरला गेलं. भावजी तूर पेरायची सोडून तुमच्या उशाशी बसलेत. मी रोज एसटीनं येते-जाते, माझी मशीन बंद. हे कुणाच्या खिशाला लागलं?"

"एवढं काय ओरडतीस, माणसं बघतेत."

बघू देत म्हटलं. पण सगळ्यात मोठी गोष्ट मी तिथं बोलले नाही, कारण मुलगी जवळ उभी होती. तिला पुण्याला क्लासला जायचं होतं, सीएच्या पहिल्या परीक्षेसाठी. मैत्रीण आधीच गेली होती, खोली बघून ठेवली होती, दोघींत मिळून राहणार होत्या. फी भरायची शेवटची तारीख आम्ही वॉर्डात असतानाच गेली. तिनं एकदाही बोलून दाखवलं नाही. वडलांच्या पायाची पट्टी बदलताना नर्सच्या हाताखाली उभी राहून कापूस देत होती. त्यानंही विचारलं नाही. त्याला आठवलं नाही की आठवून गप्प बसला, ते मला अजून कळलेलं नाही.

घरी आल्यावर दोन महिने बरे गेले. निदान मला तसं वाटलं. मग एक दिवस शर्टाची बटणं शोधायला मी बटणांचा डबा उपसला तर खाली चार बिड्या आणि काडेपेटी. मी चारही मोडून टाकल्या. त्यानं शपथ घेतली, माझी, मुलीची, नारायणगडाच्या देवाची. आठ दिवसांनी इस्त्रीखालच्या घडीत सापडली. मग म्हणाला, "दिवसाला दोनच ओढतो. डॉक्टरला काय कळतंय, आयुष्यात बिडी ओढली न्हाई त्या बाईनं."

मी भांडले. जेवण बंद केलं, बोलणं बंद केलं, माहेरी जाऊन चार दिवस राहिले. चार दिवसांत दुकानात धूर, गिऱ्हाईकांचा आदर, सगळं पुन्हा जागच्या जागी. त्याच पायाचा अंगठा काळा पडायला लागला.

पुन्हा अंबाजोगाई. ह्या वेळी डॉक्टरबाई त्याच्याशी जास्त बोलल्या नाहीत. अंगठा गेला.

शेजारच्या पलंगावर एक माणूस होता, माझ्या नवऱ्यापेक्षा लहान. त्याचा पाय गुडघ्याखालून काढला होता. कारण तेच. त्याची बायको दिवसभर पलंगाखाली चटईवर बसलेली असायची. हे दोघं दरवर्षी ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे मुकादमाच्या हिशेबी दोघांचं मिळून एक माणूस. ती मला म्हणाली, "आता कोयता मोडला, ताई. माझ्या एकटीला फडात कोण नेतंय?"

मी तिला भाकरी दिली. तिनं पदराखाली घेतली. दुपारी ती माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, "ताई, हितं जवळ बिडी कुठं मिळंल? लई तळमळ करायलेत. एकच द्यावी म्हणते."

माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांचं जे काही साचलं होतं ते सगळं त्या बिचारीवर निघालं. "अगं बये, पाय गेला ना त्याचा! दुसरा बी घालवायचाय का? तू बायको हाईस का कोण हाईस? लाज वाटत न्हाई का बिडी मागायला?" सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. तिचा नवरा भिंतीकडं तोंड करून पडला.

ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी न्हाई म्हणता ना तुमच्याला? मग ऐकतो का त्यो?"

मी आपली खाली बसले. चूक माझी होती. जिला ओरडायला नको होतं तिला ओरडले होते. थोड्या वेळानं उठून मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई, मी बी तेच बोलले असते."

नवऱ्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं उशीखाली हात घातला आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. बिडीचं बंडल होतं. अर्धं संपलेलं.

"घे," म्हणाला.

अंगठा कापून दोन दिवस झाले नव्हते आणि उशीखाली बिड्या! त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता, माणूस स्वतःहून देतोय म्हणून. मला फक्त एवढंच सुचलं, "आणली कुणी ही?" त्यानं सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही.

पण सुटली. खरोखर सुटली. पुढचे तीन-चार महिने मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, देऊन टाका त्याला एखादी. सारखी चिडचिड, भाजी खारट, चहा पांचट, मुलगी हसली तरी राग, गल्लीत फटफटी वाजली तरी राग. तोंडात सारखी लवंग. त्या लवंगांचा खर्चही काही कमी नव्हता.

काम मात्र गेलं. पायडल मारलं की पोटरी धरायची, आणि दोन बोटं नसलेल्या पावलाला जोर किती द्यायचा तेही कळायचं नाही. आम्ही मशीनला मोटर बसवली. पण मोटरलाही पायानंच दाबावं लागतं, आणि त्याच्या बधिर पावलाखाली मशीन एकदम सुसाट सुटायची. सरळ शिलाई जाता जाता बाहीचा अर्धा घेर शिवून टाकायची. दोन शर्ट असे वाया गेल्यावर त्यानं मशीनवरून उठून टेप माझ्या गळ्यात टाकला.

मग मी पॅन्ट शिवायला शिकले. वयाच्या ह्या टप्प्यावर, त्याचं ओरडणं ऐकत. "पट्टी अशी न्हाई. चेन उलटी लावलीस. अगं, माणसाला बसायचंय ह्याच्यात!" तो उंच स्टुलावर बसून कापायचा, मी शिवायचे. निवडणुका आल्या तेव्हा पांढऱ्या कपड्यांची रास पडली आणि माझे खांदे रात्रंदिवस ठणकायचे, पण काम वेळेवर दिलं. मुलीनं पुण्याचा विचार सोडला आणि पुढच्या जूनमध्ये अंबाजोगाईच्या कॉलेजात नाव घातलं. आता शेवटच्या वर्षाला आहे. सीए होईन म्हणते, उशिरा का होईना. मी हो म्हणते. एक वर्ष तिचं गेलं ते गेलंच, ते कुठल्या करातून परत यायचं?

यंदा सिगारेटचे भाव पुन्हा वाढले. दुकानात गिऱ्हाईकं होती. नवरा लवंग चघळत म्हणाला, "वाढवाच. दुप्पट करा म्हणतो मी. बिडी बी वाढवा. मी सोडली ना? महागाईनंच सोडली. परवडंना, सोडली!"

मी मशीन थांबवली. महागाईनं! दोन बोटं, दोन ऑपरेशनं, माझी उपाशी भांडणं, त्या ऊसतोडीच्या बाईचं बोलणं, पोरीचं वर्ष, सगळं बाजूला. आणि गिऱ्हाईकं माना डोलावत होती. एकानं तर विचारलं, "टेलर, मग मी बी सोडावी म्हणता?" आणि हा त्याला शहाण्यासारखं समजावत बसला, नळ्या कशा बंद होतात ते. डॉक्टरबाईंचे शब्द जसेच्या तसे. राग आला तरी मी बोलले नाही. तो माणूस ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्यानं कानावरची बिडी काढून खिशात ठेवली. फेकली नाही, खिशातच ठेवली.

परवा एक शाळामास्तर शर्ट न्यायला आले. घालून बघितला. नवरा पुढं झाला, "खांदा कसा बसलाय बघा गुरुजी. ही कटिंगची कमाल हाय."

"खांदा छान," गुरुजी म्हणाले, "पण कॉलर जरा आवळतीय."

"ती तिनं शिवलीय," नवरा म्हणाला.

मी हात पुढं केला. गुरुजींनी शर्ट काढून दिला, आणि मी कॉलर उसवायला घेतली.